सासूबाई सिंगापुरात काय जेवल्या

शेजारच्या वहिनी सिंगापूरला जाऊन आल्या, ही काही बातमी नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीच्या आमच्या एमआयडीसीत हल्ली बऱ्याच बंगल्यांना कुलूप असतं. कुणी दुबई, कुणी बाली, कुणी थायलंड. बातमी अशी, की त्यांच्या सासूबाई तिकडून अंगानं भरून आल्या. गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, काशीला गेल्या तेव्हासुद्धा तांदळाची पुरचुंडी आणि वातीचा स्टोव्ह सोबत. अशी बाई परदेशातून अर्धी होऊन यायची, तर आमच्या मावशी सांगतात काय, "आजींचे ब्लाउज उसवायला दिलेत!" मावशी दोन्ही घरी काम करतात, तेव्हा बातमी पक्की. मग मात्र मला धीर धरवेना. कढीपत्ता हवाय असं म्हणत कंपाउंडच्या भिंतीशी गेले.

"फडके रोड चुकवलात ना यंदा?" मी सुरुवात केली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर न दिसणं ही डोंबिवलीत साधी गोष्ट नाही. लोक आजारपणाची चौकशी करायला येतात.

"चुकवला हो ताई. पण दिवाळी काही चुकली नाही. तिकडं सेरंगून रोडवर ही रोषणाई! कमानीच्या कमानी. दिवाळीची सरकारी सुट्टी असते तिथं. फुलांचे गजरे, पणत्या, सगळं मिळतं. फक्त पहाटे नटूनथटून उगाच उभं राहणारी पोरं तेवढी नव्हती."

"आणि जेवणाखाण्याचं काय?" मी सरळ मुद्द्यावर आले. कढीपत्ता एव्हाना हातात आला होता.

वहिनींनी पाण्याचा पाइप बंद केला. म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"ताई, टूरबरोबर होतो ना, तोवर रोज संध्याकाळी सात वाजले की बस एका भारतीय हॉटेलापुढं. आत काय? पनीर, पिवळी डाळ, जिरा राईस, फ्लॉवर-बटाटा आणि गुलाबजाम. दुसऱ्या दिवशी दुसरं हॉटेल, पनीर तेच. यांनी तर पनीरला नमस्कार घालायला सुरुवात केली. बरं, तक्रार कुणाची नाही! उलट सगळे खूश. बसमध्ये पिशव्या उघडल्या की ठेपले, खाकरे, चिवडा, मेतकूट, लिंबाचं लोणचं. बाहेर एवढं शहर पळतंय आणि आत आम्ही चिवड्यातले शेंगदाणे वेचतोय."

मी काही बोलले नाही. आमच्या टूरलाही मी दीड किलो चिवडा नेला होता. पण ते आत्ता कशाला काढा.

"खरी गंमत टूर संपल्यावर," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या नणंदेचा मुलगा तिकडं नोकरीला आहे. टूरची मंडळी परतली आणि ही मंडळी त्याच्याकडं मागं राहिली. सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतीतला फ्लॅट, आणि उतरून चार पावलांवर खाण्याच्या स्टॉलची मोठी शेड. तिथले लोक सकाळ-संध्याकाळ तिथंच जेवतात. भाच्यानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मामी, आता पनीर बंद. माझ्या घरात जो पनीरचं नाव काढील त्याला मी एअरपोर्टवर सोडून येईन."

तर हे तिथलं हॉकर सेंटर. वहिनींनी वर्णन केलं ते असं. वर छप्पर, चारी बाजू मोकळ्या, पंखे गरगरताहेत, मधे जमिनीला पक्की बसवलेली टेबलं आणि कडेनं ओळीनं पन्नास-साठ गाळे. एका गाळ्यावर एक-दोनच पदार्थ. कोंबडीभातवाला कोंबडीभातच करणार, नूडल्सवाला नूडल्सच. आणि एकेकानं तेच करण्यात जन्म घातलेला. गर्दी असली की लोक मोकळ्या टेबलावर टिश्यू पेपरचं छोटं पाकीट ठेवतात आणि रांगेत जातात. म्हणजे जागा धरली. आपण लोकलमध्ये खिडकीतून रुमाल टाकतो, अगदी तसंच.

"हे आमच्या यांना कोण सांगणार? घामाघूम होऊन बसले, समोर टिश्यूचं पाकीट दिसलं. वा, म्हणाले, काय सोय आहे! फोडलं आणि तोंड पुसलं. तेवढ्यात एक चिनी आजीबाई वाफाळता वाडगा घेऊन उभ्या. एकदा यांच्याकडं बघतात, एकदा पाकिटाकडं. भाच्यानं माफी मागितली, आपलं नवं पाकीट दिलं, तेव्हा कुठं त्या हसल्या. मग आमच्याच टेबलाला बसल्या की! तिथं अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घेतात."

"भाऊजी लाजले असतील."

"छे! त्यांनी आजीबाईंना विचारलं, काय खाताय? आणि तेच मागवलं."

पुढं ताट उचलण्याचा प्रसंग. हॉकर सेंटरमध्ये आपलं ताट आपणच उचलून मांडणीवर नेऊन ठेवायचं, नाहीतर दंड. २०२१ च्या सप्टेंबरपासून तशी सक्तीच केलीय. त्यातही हलाल पदार्थांच्या ताटांची मांडणी वेगळी, बाकीच्यांची वेगळी. भाऊजी ट्रे घेऊन दोन्ही मांडण्यांच्या मधे उभे. लग्नाला इतकी वर्षं झाली, वहिनींनी हे दृश्य प्रथमच पाहिलं, म्हणून फोटो काढून ठेवलाय. मी विचारलं, घरी आल्यावर काही फरक? वहिनी म्हणाल्या, "घरी दंड नाही ना!"

पण मला ऐकायचं होतं आजींचं. माळकरी बाई, त्यात चातुर्मास. चिनी लोकांच्या देशात जेवल्या काय?

"पहिल्या दिवशी फजितीच," वहिनी म्हणाल्या. वहिनींच्या लेकीनं आजीसाठी हिरवीगार पालेभाजी मागवली. कांगकोंग म्हणतात, पाण्यात वाढणारी. दिसायला अगदी सात्त्विक. ताट टेबलाशी आलं आणि आजींनी नाक वर केलं. "ह्यात सुकट आहे गो," म्हणाल्या. लेक हसली, आजी, पालेभाजी आहे. भाच्यानं जाऊन विचारलं तर खरंच, बेलाचान घातलेलं. कोलंबी वाळवून, आंबवून केलेला तिकडचा मसाला. पालेभाज्यांत, सॉसमध्ये, कुठंही असतो. आजींचं माहेर मालवणकडचं. माळ घातल्याला तीस-चाळीस वर्षं झाली असतील, पण वाळवणाचा वास नाक विसरतंय होय? तेव्हापासून घरात नियमच झाला, शाकाहारी असं पाटीवर लिहिलेलं असो की नसो, आधी ताट आजींच्या नाकाखाली. सकाळी टोस्टला लावतात ती काया नावाची नारळाची गोड चटणीही त्यांनी अशीच परतवली. तिच्यात अंडं असतं.

"मग?"

"मग भाचा आम्हांला वॉटर्लू स्ट्रीटला घेऊन गेला." इथं वहिनींचा आवाज बदलला. त्या रस्त्यावर क्वान यिन देवीचं चिनी देऊळ आणि त्याच्याशेजारी आपलं कृष्णाचं देऊळ, १८७० सालचं. चिनी बायका क्वान यिनला उदबत्त्या लावतात, चार पावलं सरकतात आणि कृष्णाला लावतात. कुणी काही विचारत नाही. आजी तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. एका चिनी बाईनं त्यांच्याही हातात उदबत्ती दिली. आजींनी ती लावली, कुणासाठी ते काही सांगितलं नाही.

तिथून चालत गेलं की फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत. खालच्या मजल्यांवर शाकाहारी खाणावळीच खाणावळी. चिनी बौद्धांच्या. आणि ताई, ऐका, जे बौद्ध नेमानं शाकाहार पाळतात ते कांदाही खात नाहीत आणि लसूणही नाही! चातुर्मासापुरतं नव्हे, कायमचं. भाच्यानं हे सांगितलं तर आजींचा विश्वास बसेना. काउंटरमागच्या बाईला त्यांनी आपली माळ दाखवली. तिनं आपल्या मनगटातली मण्यांची माळ दाखवली. झालं, व्यवहार ठरला. भाषेचा प्रश्न मिटला.

"काचेमागं वीस-पंचवीस भाज्या मांडलेल्या. भातावर बोटानं दाखवायचं, हे द्या, ते द्या. आईंनी कोबी घेतला, भोपळा घेतला, तांदळाच्या शेवया घेतल्या. अळंबी आली ती बाजूला काढली. आणि एक पांढरा चौकोन..."

"टोफू?"

"सोयाबीनचं पनीरच की शेवटी! यांनी कपाळाला हात लावला. पण आई म्हणाल्या, ह्याला मसाल्याचं अजीर्ण तरी नाही."

एका गोष्टीवर मात्र आजी अडल्या. तिथं गव्हातल्या ग्लूटेनचं आणि सोयाचं खोटं मटण करतात, खोटं बदक करतात, कातडीच्या सुरकुत्यांसकट. लेक म्हणाली, आजी, हे शाकाहारी आहे, खा. आजी म्हणाल्या, "जे सोडलंय त्याचं सोंग कशाला खाऊ?" मला विचाराल तर या वाक्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

मधे एकदा भाऊजींच्या हौसेखातर मोठ्या चिनी हॉटेलात खेकडा झाला. तिखट-गोड रश्शातला चिली क्रॅब, सिंगापूरचा मानाचा पदार्थ. आजी घरी भाच्याच्या बायकोबरोबर वरणभातावर. हॉटेलात बसल्याबसल्या टेबलावर शेंगदाण्यांची बशी आली, ओले रुमाल आले. भाऊजींनी शेंगदाणे संपवले, रुमालानं मान पुसली. बिलात दोन्हींचे पैसे! खेकडा वजनावर, वर १० टक्के सेवाशुल्क, त्याच्यावर ९ टक्के जीएसटी. तिथला डॉलर पासष्ट रुपयांच्या पुढंच. "त्या पैशांत रेतीबंदरच्या खाडीतल्या चिंबोऱ्या महिनाभर आल्या असत्या," वहिनी म्हणाल्या, "आणि शेंगदाणे आमच्याच बॅगेत होते." हॉटेलाचं नाव विचारलं तर सांगेनात. भाऊजींना फार लागलंय.

आता आजींचे ब्लाउज का उसवावे लागले ते.

लिटल इंडियात टेक्का सेंटर आहे. खाली भाजी-मासळीचा बाजार आणि खाण्याचे गाळे, वर साड्यांची दुकानं आणि शिंपी. तिथल्या एका गाळ्यावर आजी थबकल्या. वेताच्या छोट्या चकत्यांवर तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र शेवयांचे उकडलेले गोळे, शेजारी ओल्या खोबऱ्याचा ढीग आणि केशरी साखर. पुट्टु मायम म्हणतात. तमिळ लोकांनी नेलेला इडियप्पमच तो. आजी काही बोलेनात. मग म्हणाल्या, "शिरवाळे."

माझ्या अंगावर काटा आला हो. आमच्या आजोळी शिरवाळ्यांचा लाकडी साचा होता, त्यावर दोन माणसं लोंबकळायची तेव्हा शेवया खाली यायच्या. उकड गार झाली की संपलं, म्हणून सगळी घाई. खाली नारळाच्या दुधात गूळ, वेलची. हल्ली कोण करतंय! वहिनींच्या घरचा साचा माळ्यावर आहे, असं म्हणतात.

तर आजींनी चकती घेतली, बोटानं एक शेवई उचलली, चाखली. "रस कुठं आहे?" म्हणाल्या. तिथं रस देत नाहीत, खोबरं-साखरेबरोबर खातात. भाचा म्हणाला, आजी, असंच खायचं असतं. आजींना ते पटणार होतं थोडंच. नजर फिरवली. जवळच गोड पदार्थांचा गाळा होता, तिथं एक मुलगी वाडग्यातून काहीतरी पीत होती. चेंडोल. नारळाचं दूध, त्यात हिरव्या जेलीच्या शेवया, लाल राजम्यासारखे दाणे, बर्फाचा चुरा आणि वरून काळपट गुळाचा पाक. आजींनी तो मागवला. चमच्यानं बर्फ काढला, दाणे काढले, हिरवं काय होतं ते नातीच्या वाटीत टाकलं. आणि उरलेलं नारळाचं दूध आणि पाक सगळा शेवयांवर ओतला.

"शिरवाळेवाली बाई बघतच राहिली," वहिनी सांगत होत्या. "आईंनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, गूळ माडाचा आहे. भाच्यानं फोनवर बघितलं, बरोबर! गुला मलाका म्हणतात, माडाचाच असतो. आपल्याकडं गोव्यात करतात तोच."

मग काय, रोज टेक्का. भाच्याची बायको कामावर जाताना आजींना तिथं सोडायची. शिवाय तिकडचे कुए नावाचे गोड प्रकार. तांदळाचं पीठ, ओलं खोबरं, माडाचा गूळ, वाफवलेले नाहीतर गुंडाळलेले. एकात तर हिरव्या धिरड्यात मोदकाचं सारण, तंतोतंत. आजींनी एकामागून एक सगळ्यांची परीक्षा घेतली. अंडं आहे का ते भाचा विचारायचा, बाकी निकाल आजींचा. मला यात नवल वाटत नाही. समुद्राच्या काठाला तांदूळ, नारळ आणि माड असले की बायका दुसरं करणार तरी काय? नवल याचं, की हे सगळं त्या पनीरच्या हॉटेलापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं आणि टूरच्या बसनं त्याच्यापुढून चार वेळा ने-आण केली.

एवढ्यात भाऊजी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आले. त्यांना भिंतीवरच्या गप्पांत राजकारण आणायची सवय आहे. "सांगितलंस का यांना," म्हणाले, "की हे सगळे मूळचे फेरीवाले? रस्त्यावर गाड्या लावायचे. सरकारनं आधी नोंदणी केली, मग १९७१ ते १९८६ या काळात बाजार बांधून नळ, गटार, वीज दिली आणि आत नेलं. २०२० साली युनेस्कोनं त्यांच्या यादीत घेतलं. २०१६ मध्ये तर एका कोंबडीभाताच्या गाळ्याला मिशलिनचा तारा! आणि आपल्याकडं? स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसायचं नाही. कोर्टानं सांगितलं २०१७ साली. जायचं कुठं ते कुणीच सांगितलं नाही. पालिकेची गाडी आली की पळायचं, गाडी गेली की परत."

"तुम्हीच नाही का स्टेशनबाहेर फेरीवाल्यांच्या नावानं ओरडत घरी येता?" वहिनी म्हणाल्या.

"ओरडतो. आणि येताना भाजीही तिथूनच आणतो," भाऊजी म्हणाले आणि आत गेले. याला उत्तर नव्हतं. आम्हीही तिथूनच आणतो.

मी मात्र एक जुनी गोष्ट काढली. गप्पांत ही वेळ बरोबर साधावी लागते. "वहिनी, गेल्या वर्षी भाच्याचा तिकडचा मित्र आला होता ना, तो चिनी मुलगा? त्याला कुठं नेलं होतंत?"

वहिनी पाइपशी खेळायला लागल्या.

"शिळफाट्याच्या एसी हॉटेलात," मीच सांगितलं, कारण आम्हीही होतो. "पनीर टिक्का, पनीर बटर मसाला, नान. बिचारा घाम पुसत, गोड हसत खात होता."

"त्याला चालेल ते न्यायला हवं म्हणून..."

हेच तर! आपण तिकडं गेलो की आपल्याला पनीर आणि तो इकडं आला तरी त्याला पनीर. ठाण्यात तहसीलदार कचेरीजवळ मामलेदारची मिसळ आहे, लोक डोळ्यांतून पाणी काढत दुसरी प्लेट मागतात. कल्याणला खिडकी वडा आहे, घराच्या खिडकीतून विकायला लागले म्हणून ते नाव. पाहुण्याला तिथं नेण्याची आपल्याला लाज. बसायला जागा नाही, टेबल पुसलेलं नाही, तिखट सोसेल का! आणि लंडनला हाउन्स्लोत काय चाललंय? ठाण्याचा सुजय सोहनी आणि वडाळ्याचा सुबोध जोशी, कॉलेजातले मित्र. मंदीत नोकऱ्यांचे बारा वाजले तेव्हा २०१० साली एका पोलिश आइस्क्रीमच्या दुकानात भाड्यानं कोपरा घेऊन वडापाव विकायला बसले. सुरुवातीला फुकट चाखायला दिले. आता श्रीकृष्ण वडापाव नावानं दुकानं आहेत आणि गोरे लोक रांगेत उभे राहून खातात. लंडनच्या माणसाला आपला वडा सोसतो, डोंबिवलीत आलेल्या माणसाला सोसणार नाही, हे कुणी ठरवलं?

"तो मित्र परत येतोय," वहिनी हळूच म्हणाल्या. "मार्चमध्ये."

"मग?"

"आईंनी माळ्यावरचा साचा काढायला लावलाय. म्हणतात, त्या मुलाला सांगा, रस कसा असतो ते बघून जा." मग जरा थांबून, "साचा दाबायला दोन माणसं लागतात ताई. यांचा खांदा दुखतो."

म्हणजे मार्चमध्ये मी आणि आमचे हे साच्यावर लोंबकळणार, हे ठरलं. कढीपत्ता महागात पडला.

तुमच्यापैकी कुणी निघालं असेल तर माझ्याकडून एवढंच. टूरवाल्याला आधीच विचारा, रात्रीचं जेवण वगळलं तर पैसे किती कमी होतील. फार कमी करणार नाहीत, तरी वगळा. स्थानिक माणसं जिथं रांगेत उभी असतील तिथं उभे राहा, माळकरी माणूस बरोबर असेल तर बेलाचान आणि अंड्याची चौकशी दोनदा करा, मोठ्या हॉटेलात न मागितलेल्या शेंगदाण्यांना हात लावू नका. आणि खाकऱ्यांचं वजन निम्म्यावर आणा. वहिनींच्या बॅगेतून सहा पाकिटं जशीच्या तशी परत आलीत, त्यातली चार माझ्या गळ्यात मारली आहेत. मेथीचे आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जा.